बिजागऱ्यांचा सौदा आणि हिची अट

सोमवार, ४

पोचलो. विमानतळावर आमच्या कंपनीच्या नावाची पाटी धरून उभा असलेला माणूस आपल्या भाषेत म्हणाला, "या साहेब, कान बसलेत का? जांभई द्या, सुटतील." दिली. सुटले. हा आमचा दुभाषी. तरुणपणी इकडे आला, इथलीच बायको केली, आता दोन्हीकडच्या लोकांच्या बैठकांत मध्ये बसतो आणि इकडचं तिकडे करतो. आपल्याकडे या कामाला वेगळं नाव आहे, पण त्याचे पैसे मिळत नाहीत.

हॉटेलच्या खोलीत दोन उशा, दोन टॉवेल, दोन ग्लास. एकट्या माणसाला हे सगळं दुहेरी देण्यात काय मतलब असतो कोण जाणे. खिडकी उघडत नाही.

कामाचं लिहून ठेवतो. आम्ही जड दारांच्या बिजागऱ्या करतो. इथली कंपनी इस्पितळांची दारं करते. त्यांची दारं, आमच्या बिजागऱ्या, तीन वर्षांचा करार, असं घाटतंय. करार झाला तर कारखान्याची नवी शेड चालेल. नाही झाला तर महिनाअखेर तिला कुलूप आणि तिथली माणसं घरी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, याच घोरात आहे. कारखाना दोघांचा, त्यात काळजी त्याच्याकडे आणि बोलणं माझ्याकडे, अशी वाटणी आहे.

हिला पोचल्याचा फोन केला. ही सध्या लेकीकडे असते. बाळंतपणाला म्हणून गेली; नातू आता घरभर पळतो, तरी हिचं बाळंतपण काही संपेना. विचारलं तर म्हणाली होती, "येईन. एकच अट. चारचौघांत माझी थट्टा करायची नाही." बस, एवढंच. पण पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस धंद्यात टिकत नाही. मी म्हटलं, नातेवाइकांपुढे पूर्ण बंद, मित्रांपुढे थोडी मुभा ठेव. ती म्हणाली, "तुमचं ठरलं की कळवा." तेव्हापासून बोलणी तिथेच अडली आहेत. अडली म्हणजे चालू आहेत. थोडा धीर धरला की समोरचा उतरतो.

मंगळवार, ५

पहिली बैठक. लांब टेबल, भिंती पांढऱ्या, पाण्याचा जग इतका स्वच्छ की आत पाणी आहे का ते हलवून पाहावं लागतं. त्यांच्याकडून दोघं. खरेदीच्या प्रमुख बाई, साठीला टेकलेल्या, केस आखूड, समोर एक पेन्सिल. आणि त्यांचा इंजिनियर, उंच आणि इतका सरळ बसणारा की मी मनात त्याला ओळंबा असं नाव दिलं.

मी कारखान्याची ओळख करून दिली. थांबलो. कोणी बोलेना. बाई पेन्सिलीकडे बघतायत, ओळंबा बाईंकडे. आपल्याकडे माणूस बोलायचा थांबला की दुसरा त्याच्या तोंडातून वाक्य काढून घेतो. इथे नुसती शांतता. ती मला सोसेना, म्हणून मी आमच्या वडिलांची गोष्ट सांगितली. पुन्हा शांतता. मग नमुने फुकट देण्याचं कबूल केलं.

बाहेर आल्यावर दुभाषी म्हणाला, "नमुने कोणी मागितले होते साहेब?"

"त्यांना ओळख आवडली नव्हती बहुतेक."

"आवडली होती. त्या विचार करत होत्या. इथे ऐकल्यावर विचार करतात, मग बोलतात."

"आणि तोवर माणसाने काय करायचं?"

"गप्प बसायचं."

म्हातारा विनोदी आहे.

गुरुवार, ७

आज भाव सांगितला. चांगला ऐसपैस. पुढे चार पायऱ्या उतरायच्या असतात, तेव्हा वर चढूनच उभं राहावं लागतं. पहिल्या पायरीवरून कसं उतरायचं, कुठे उसासा टाकायचा, कुठे दादाला फोन लावल्यासारखं करायचं, सगळं रात्री ठरवलं होतं.

बाईंनी कागद वाचला. पेन्सिल खाली ठेवली. दुभाष्याला दोन शब्द बोलल्या.

दुभाषी म्हणाला, "त्यांना मान्य आहे."

"काय मान्य आहे?"

"भाव."

हो? एवढ्यात? म्हणजे मी स्वस्तात गेलो! ज्या अर्थी त्या एका दमात हो म्हणाल्या, त्या अर्थी मनात याच्या दीडपट धरून आल्या असणार. की माल घेऊन पुढे खुसपटं काढायचा बेत आहे? काहीतरी पाणी मुरतंय. मी म्हटलं, आमच्याकडून बाकीच्या मुद्द्यांचा विचार करून कळवतो.

"बाकीचे मुद्दे कुठले?" दुभाष्याने हळूच विचारलं.

"शोधतो," मी म्हटलं.

दादाला फोनवर सांगितलं तर तो खुळ्यासारखा आनंदला. "अरे मग सही कर आणि ये की!"

"दादा, तुला धंदा कळत नाही."

"मला शेड कळते. खाली माणसं रोज विचारतायत, धाकटे साहेब काय म्हणाले."

शुक्रवार, ८

बैठक छोटीच झाली. निघताना बाईंनी विचारलं, रविवारी घरी जेवायला याल का? त्यांच्या घरी त्या आणि त्यांचा भाऊ असतो, ओळंबाही येणार आहे.

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. पाच दिवस मी खोलीत एकट्याने जेवतोय. ताटाशी बोलायची वेळ आली आहे. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, "नको नको, उगाच तुम्हाला त्रास कशाला." आणि हसून थांबलो.

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी मान डोलावली. "बरं," म्हणाल्या आणि कोट घालून निघून गेल्या.

मी जिन्यापर्यंत गेलो, मागून हाक येईल म्हणून. बुटाची नाडी पण बांधली.

रविवार, १०

एकदा विचारलं आणि सोडून दिलं! दुसऱ्यांदा आग्रह नाही, "असं कसं, यायचंच" नाही, काही नाही. म्हणजे विचारायचं म्हणून विचारलं होतं. माझं जेवण तरी असं कितीसं असतं.

सकाळी नदीच्या कडेने चालत गेलो. रविवार इथेही रविवारच असतो. लोक घोळक्याने फिरतात, पोरं सायकलवरून पडतात, आया ओरडतात. बाकावर बसलो तर शेजारचे आजोबा सरकून बसले, म्हणजे मला जागा केली. मी दोन वाक्यं बोललो. त्यांनीही दोन वाक्यं बोलून दाखवली. एकमेकांचं काही न कळता आमचं छान चाललं होतं. मग त्यांची सून त्यांना घेऊन गेली.

दुपारी हिला फोन. मागे नातवाचा आणि जावयाचा आवाज, ताटांचे आवाज. जेवायला बसले होते. मी जेवणाच्या आमंत्रणाची हकिगत सांगितली, बाईंची नक्कल करून. ती हसली नाही.

"जायचं होतं ना तुम्हाला?"

"होतं की."

"मग हो म्हणायचं."

"तू येऊन शिकव मला हो म्हणायला."

ती नातवाला म्हणाली, नीट बस. मी म्हटलं, बरं, तुझ्या अटीचा विचार केला. नातेवाईक बंद, मित्रही बंद. फक्त तुझ्या माहेरचे सोडून. त्यांच्यावर माझं तोंड चालल्याशिवाय मला करमत नाही. जवळजवळ संपूर्ण सूट दिली. तिकडून आवाज आला, "भात गार होतोय, ठेवते."

मंगळवार, १२

मुद्दे सापडले. रविवार आणि सोमवार त्यातच घालवले. वेळ बरा गेला. पॅकिंगची लाकडी खोकी त्यांनी द्यावीत. खराब निघालेला माल परत पाठवण्याचा खर्च त्यांनी करावा. तपासणीला त्यांचा माणूस आमच्याकडे यावा, आमचा इथे येणार नाही. एकूण सात. मला सगळ्यांची गरज आहे असं नाही. पण हातात काही असलं की बोलता येतं.

बाई ऐकत राहिल्या. ओळंब्याने एकदाच विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"पहिल्या दिवशी तुम्ही कुठे विचारलंत?" मी म्हटलं. बिनतोड होतं. दुभाष्याने सांगताना त्याची धार मोडली, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

नंतर तो मला कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफीला घेऊन गेला.

"साहेब, रागावलात का त्यांच्यावर?"

"मी कशाला रागावू? जेवायला न बोलावल्याबद्दल कोणी रागावतं का?"

"बोलावलं होतं की."

"एकदा!"

तो हसायला लागला, इतका की कॉफी सांडली. "अहो, लग्नानंतर पहिल्या दिवशी सासूने विचारलं, चहा घेणार? मी म्हटलं, नको. म्हातारीने खरंच दिला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवस चहावाचून काढले साहेब, डोकं भणाणलं. मग बायकोला म्हटलं, तुझ्या घरचे कंजूष आहेत. ती म्हणाली, तू कपाळकरंटा आहेस, हवं तर हवं म्हण. इथे एकदा विचारतात कारण ते तुमचं म्हणणं खरं धरतात. दुसऱ्यांदा विचारलं तर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं होतं."

"हा काय मान झाला?"

"मलाही पटायला दहा वर्षं लागली."

गोष्ट छान रंगवून सांगतो. पण फुकट कोण कोणाची बाजू घेतं? दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस आहे.

शुक्रवार, १५

ओळंब्याने त्यांची चाचणीची खोली दाखवली. भिंत नाही, काही नाही. मधोमध एक चौकट, तिच्यात दार, दाराला आमची बिजागरी. यंत्राचा एक हात दार उघडतो, सोडतो, पुन्हा उघडतो. दिवसरात्र. गेले दहा दिवस चाललंय म्हणे, कुरकुर नाही, लोंबकळणं नाही. ओळंबा बिजागरीवर बोट फिरवून काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, "म्हणतोय, फार चांगलं काम आहे." पहिल्या दिवसापासून त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक. मी विचारलं, हे दार कुठे जातं? तो म्हणाला, कुठे नाही. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. दार उघडायचं, कोणी यायचं नाही, दार मिटायचं.

तेवढ्यात बाई आल्या. बैठकीत नसलेल्या आवाजात त्यांनी काही विचारलं. दुभाषी जरा घुटमळला.

"त्या विचारतायत, तुम्हाला नक्की काय हवंय? त्या म्हणतायत, खरंच विचारतेय. सांगितलंत तर देता येतंय का ते बघू."

अशा वेळी सावध राहावं लागतं. गोड बोलून पत्ते काढून घ्यायची ही जुनी रीत. मी म्हटलं, "पॅकिंगची खोकी."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग यंत्राच्या हाताकडे पाहिलं. मग गेल्या.

संध्याकाळी हिचा फोन आला नाही. मीही केला नाही. आपण होऊन दोनदा फोन केला की भाव पडतो. लेकीला केला. ती म्हणाली, "बाबा, आई ठीक आहे. इथल्या वाचनालयात जायला लागलीय रोज, पुस्तकं लावायला. तिथल्या बायका तिला हसवतात खूप."

"मी नाही का हसवत?"

"हसवतोस की. लोकांना."

आईच्या वळणावर गेली आहे पोरगी.

सोमवार, १८

दादाचा फोन. एरवी तो ओरडतो; आज हळू बोलत होता, त्यामुळे जास्त लागलं.

"त्यांनी हो म्हटलं होतं ना रे? पहिल्याच आठवड्यात?"

"म्हटलं होतं. पण..."

"मग तू तिथे काय करतोयस?"

"बोलणी."

"कोणाशी?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, अजून बरंच निघेल त्यांच्याकडून. तो म्हणाला, "निघेल ते निघेल. आपल्याला तीन वर्षं हवी आहेत. खोकी आपण बनवू. मी स्वतः ठोकीन खिळे. तू सही घे आणि घरी ये." मग थोडं थांबून, "घरी कोणी नाही म्हणून तिथे राहू नकोस. माझ्याकडे ये जेवायला. वहिनीने सांगितलंय."

वहिनीला मध्ये आणायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, नको, उगाच तिला त्रास. तो म्हणाला, "गाढवा."

मंगळवार, १९

जिंकलो!

बाई आल्या, बसल्या, करार पुढे सरकवला. सातच्या सात मुद्दे मान्य. खोकी मान्य. परतीचा खर्च मान्य. तपासणी मान्य. मी उतरायच्या तयारीने दोन मुद्दे फुगवून ठेवले होते, तेही जसेच्या तसे. एकच छोटासा बदल: मुदत तीन वर्षांची होती, ती एक केली. पुढचं पुढे पाहू, असं. मी म्हटलं, ठीक आहे, एकदा आमचा माल लावला की कुठे जाणार आहेत!

सह्या झाल्या. ओळंब्याने हात मिळवला. बाईंनीही. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नक्की जेवायला येईन, न विचारता येईन. दुभाष्याने सांगितलं. त्या हसल्या, छान हसल्या, आणि काही म्हणाल्या नाहीत. मग सगळे उठले. एवढ्या दिवसांची सवय, मी अजून बसूनच होतो. सफाईवाल्या बाईंनी येऊन पाण्याचा जग उचलला, तेव्हा निघालो.

हिला फोन करून सांगितलं. ती मनापासून म्हणाली, "बरं झालं. दादांचा जीव भांड्यात पडेल." मी म्हटलं, आता आपल्या कराराचं बोल. माहेरच्यांचं कलम मी थोडं सैल करायला तयार आहे.

"राहू दे ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझी काही अट नाही आता."

"मागे घेतलीस?"

"हो. तुम्ही बोला कसं बोलायचं तसं. मला काही नाही त्याचं."

आवाजात राग नाही, रुसवा नाही. नातवाशी बोलते तसा मऊ आवाज. "गोळ्या वेळेवर घ्या," म्हणाली.

एका दिवसात दोन्हीकडे संपूर्ण विजय. थोडा धीर धरला की समोरचा उतरतो, हे मी म्हटलंच होतं. खाली जाऊन एकट्यानेच साजरं करावं म्हणून निघालो होतो. पण गेलो नाही. भूक नव्हती.

बुधवार, २०

विमानात लिहितोय. अक्षर हलतंय, ते विमानामुळे.

सकाळी दुभाषी सोडायला आला. गाडीत मी माझ्या विजयाची उजळणी केली. तो समोर बघत गाडी चालवत होता. शेवटी मी विचारलं, "बाईंनी एकदम सगळं कसं मान्य केलं हो? नेमकं कुठे ताणल्यावर तुटायला आल्या?"

"खरं सांगू का साहेब?"

"सांगा. आता पैसे मिळाले तुम्हाला."

"ज्यांच्याशी पुढे राहायचं असतं, त्यांच्याशी बाई भांडतात. भाव एकदा मानला की मानला, पण बाकी एकेका ओळीवर भांडतात. त्यांचा जुना काचवाला आहे, त्याच्याशी वर्षानुवर्षं कडाकडा चालू असतं. तुमच्याशीही पहिल्या आठवड्यात त्यांनी नमुन्यांवरून वाद घातलाच असता, तुम्ही फुकट देऊन टाकलेत म्हणून राहिला. काल मला म्हणाल्या, जे मागतायत ते देऊन टाका आणि यांना घरी जाऊ दे. माल चांगला आहे, एक वर्ष घेऊ. पुढच्या वर्षासाठी त्या दुसरीकडे बघतायत."

"म्हणजे रागावल्या?"

"राग असता तर बरं होतं. राग असला की माणूस बोलतं."

सिग्नलला गाडी थांबली. मी खिशातून फोन काढून हातात धरला. त्याला वाटलं मला शेडचा विचार आला. म्हणाला, "एक वर्ष आहे साहेब हातात. भावाला सांगा, माल असाच ठेवा, मी बाईंच्या कानावर घालत राहीन." मी हो हो म्हटलं. दादाला सांगायचंय सगळं, एका वर्षाचं, आणि बाकीची दोन माझ्या कशापायी गेली ते. पण तेव्हा मी शेडचा विचार करत नव्हतो.

तपासण्या संपवून दाराजवळच्या खुर्चीत बसलो आणि हिला फोन लावला. आठवड्यात कितव्यांदा लावला, भाव किती पडला, काही बघितलं नाही.

"काय झालं? निघालात ना?"

"तुझी अट," मी म्हटलं, "ती होती ना, ती परत घाल."

"काय?"

"मागे घेऊ नकोस. मला मान्य आहे. सगळी. माहेर, मित्र, कोणी सोडू नकोस. हवं तर आणखी घाल. भांड माझ्याशी."

पलीकडे शांतता. मला वाटलं आता काहीतरी बोलावं. वाचनालयातल्या बायकांवर एक बरंसं सुचलंही होतं. नाही बोललो. जीभ दाताखाली धरून बसलो.

"फोन आहे ना चालू?" ती म्हणाली.

"आहे."

"मग बोलत का नाही?"

"ऐकतोय."

ती पुन्हा गप्प झाली. तिने फोन ठेवला नाही. मागे नातू कशावर तरी चमचा बडवत होता. इकडे घोषणा झाली, लोक उठले, रांग लागली, रांग सरकत सरकत संपली. गणवेशातली मुलगी रिकाम्या खुर्च्यांमधून माझ्याकडे बघून हाताने बोलावू लागली. मीही हात वर केला, थांबा म्हणून.

"तुमचं विमान आहे ना?" ही म्हणाली. "जा, चुकेल."

"चुकू दे," मी म्हटलं.

थट्टा नव्हती ती. पण तिला ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी दोन्ही एकाच आवाजात बोलत आलोय.